हिशेबाचा साक्षीदार

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत भागीदारांचं भांडण बऱ्याचदा घटीवरून सुरू होतं. ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड मिलमध्ये गेलं की जेट मशीनमध्ये उकळतं, रंग पितं, स्टेंटरवर ताणलं जातं आणि बाहेर येताना थोडं आखडलेलं असतं. पॉलिएस्टरला वेट रिडक्शन दिलं असेल तर कॉस्टिकमध्ये त्याचं वजनही उतरतं. मिलमध्ये गेलेले मीटर आणि तिथून आलेले मीटर यांतला फरक म्हणजे घट. ती किती धरायची हे कापडाच्या क्वालिटीवर ठरतं. दोन भागीदारांचं जमतंय तोवर ती कुणी बारकाईने मोजत नाही. मन फाटलं की पहिलं बोट तिच्याकडे जातं.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात खान्देशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं इथे लूम चालवायला आणि मिलच्या खात्यांत राबायला आली. त्यांच्यातले काही आज स्वतः ग्रे घेतात, जॉबवर रंगवून घेतात आणि रिंग रोडच्या मार्केटांत विकतात. भांडवल दोघा-तिघांचं असतं: मेहुणा, साडू, गावाकडचा मित्र. एक जण ग्रे आणि मिल बघतो, दुसरा मार्केट आणि उधारी. करार झालाच तर स्टॅम्प पेपरवर, नोंदणी राहून गेलेली. रोजचा जमाखर्च मेहताजींकडे आणि वर्षाचं रिटर्न सीएकडे. हे सगळं सात-आठ वर्षं सुरळीत चालतं, आणि मग एके दिवशी एक भागीदार दुसऱ्याला विचारतो, “माल एवढा गेला, तर पैसा कुठंय?”

या प्रश्नाचं कोर्टात टिकेल असं उत्तर काढून देणारा माणूस म्हणजे फॉरेन्सिक अकाउंटंट. तो मोठ्या कंपन्यांनी आणि बँकांनी नेमायचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज छोट्या व्यापाऱ्याला महागात पडतो.

समज कुठून आला हे सुरतेत राहणाऱ्याला शोधावं लागत नाही. सुरत आणि दहेज इथे जहाजबांधणीचे कारखाने असलेल्या एबीजी शिपयार्डवर सीबीआयने ७ फेब्रुवारी २०२२ रोजी गुन्हा नोंदवला. २८ बँकांचं मिळून २२,८४२ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा आरोप त्यात होता. ती फिर्याद उभी राहिली ती अर्न्स्ट अँड यंगच्या फॉरेन्सिक ऑडिटवर. एप्रिल २०१२ ते जुलै २०१७ या काळातले व्यवहार त्यात तपासले होते आणि अहवाल जानेवारी २०१९ मध्ये बँकांच्या हाती आला होता. कर्जाचा पैसा ज्या कामासाठी घेतला त्याऐवजी संबंधित कंपन्यांकडे वळवला गेला, असं त्या अहवालाच्या आधारे बँकांचं म्हणणं होतं. अहवाल ते गुन्हा या प्रवासाला तीन वर्षं लागली, मध्ये सीबीआयने बँकांकडून खुलासे मागवले, पुन्हा नव्याने तक्रार द्यावी लागली. अहवाल हातात आला म्हणजे निकाल लागला असं होत नाही, हे इतक्या मोठ्या प्रकरणातही दिसतं.

नेहमीचा ऑडिटर आणि हा माणूस यांच्या कामात फरक आहे. ऑडिटर वर्षाचे हिशेब एकंदरीत खरं आणि योग्य चित्र दाखवतात का ते पाहतो आणि त्यासाठी नमुन्यादाखल नोंदी तपासतो. फॉरेन्सिक अकाउंटंटपुढे एकच नेमका प्रश्न असतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फर्मच्या मालाचा किंवा पैशाचा काही भाग पुस्तकांबाहेर गेला का, गेला तर किती, आणि हे कोणत्या कागदावरून कळतं? तो फर्मच्या वह्यांवर थांबत नाही. ज्यांना या भांडणात काही मिळवायचं नाही अशांच्या कागदांकडे जातो.

समजा, एका फर्मचं महिन्याला १० लाख मीटर ग्रे मिलमध्ये जातं. आधी घट ८ टक्के धरली जायची. गेल्या वर्षभरात स्टॉक रजिस्टरमध्ये ती ११ टक्के दिसते. मार्केट सांभाळणाऱ्या भागीदाराचा हिशेब तोंडपाठ असतो: ३ टक्के म्हणजे महिन्याला ३०,००० मीटर, ४० रुपयांनी १२ लाख, वर्षाचे १ कोटी ४४ लाख. मिल बघणाऱ्याने माल परस्पर विकला, असा त्याचा आरोप.

फॉरेन्सिक अकाउंटंट सगळ्यात आधी मिलची जॉब बिलं मागवतो. मिल मजुरी तयार कापडाच्या मीटरवर लावते, म्हणून किती कापड तयार होऊन बाहेर पडलं ते मिलच्या बिलात असतं, आणि ते बिल जीएसटीच्या पोर्टलवरही चढलेलं असतं. मिलने ९ लाख २० हजार मीटरचं बिल केलंय आणि फर्मच्या रजिस्टरमध्ये ८ लाख ९० हजार मीटरच आलेत, तर ३०,००० मीटरची तफावत समोर आली. इथवर आरोप खरा वाटतो. पण इथे थांबणारा अकाउंटंट उलटतपासणीत आडवा होतो. मिलच्या लॉट रजिस्टरवरून कळतं की काही लॉट दोनदा रंगवले गेलेत. व्यापाऱ्याने शेड बदलायला सांगितली, कापड पुन्हा जेटमध्ये गेलं, मिलने त्याची मजुरी पुन्हा लावली. एकच कापड बिलात दोनदा आलं. असे १८,००० मीटर निघाले, तर उरले १२,०००.

त्या १२,००० मीटरचा माग मग दुसऱ्या टोकाकडून काढायचा. शहराबाहेर गेलेल्या मालाची ट्रान्सपोर्टची पावती आणि ई-वे बिलं असतात. शहरातल्या शहरात फिरलेल्या मालाची चलनं असतात. आणि दलाल असतो. दलालाला प्रत्येक सौद्यावर दलाली मिळते, म्हणून तो आपली नोंद नीट ठेवतो. फर्मच्या विक्रीवहीत नसलेला सौदा त्याच्या दलालीच्या यादीत तारीख, पार्टी आणि मीटरसह सापडू शकतो. मिलची चलनं, दलालाची यादी आणि भागीदाराच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या बँक खात्यातला जमेचा आकडा या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात, एकाच मालावर येऊन मिळाल्या, तर ती ओळ पक्की. अशा पक्क्या ओळींचीच बेरीज अहवालात जाते.

या उदाहरणात ती वर्षाला ५७ लाख ६० हजार भरते. दरही प्रश्न उभा करतो: नुकसान खरेदीच्या भावाने मोजायचं की विक्रीच्या, आणि विक्रीच्या भावाने मोजायचं तर त्यातून दलाली, वटाव आणि नेण्या-आणण्याचा खर्च वजा करायचा की नाही? चांगला अहवाल कोणता भाव धरला आणि का धरला ते सांगतो. १ कोटी ४४ लाखांचा दावा घेऊन आलेल्या माणसाला ५७ लाख ऐकून वाईट वाटतं. तरी त्याच्या खरोखर कामाचा आकडा हाच आहे. मोठ्या आकड्यातला दोनदा रंगवलेला एक लॉट समोरच्या वकिलाने कोर्टात उघडा केला, की उरलेल्या सगळ्या ओळींकडे न्यायाधीश संशयाने पाहू लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेशाच्या एका खटल्यात हे फार स्पष्टपणे सांगितलं. १९८३ मध्ये तिथल्या सफरचंदांवर स्कॅब रोग पडला होता आणि सरकार रोगट फळं विकत घेत होतं. जय लाल आणि इतरांवर आरोप असा, की त्यांनी बागांच्या क्षमतेपेक्षा जास्त माल दाखवून पैसे उचलले. पुरावा म्हणून बागायत खात्याच्या अधिकाऱ्याने बागेत किती फळ येऊ शकतं याचा काढलेला अंदाज मांडला गेला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. तज्ज्ञ हा घटनेचा साक्षीदार नसतो. त्याने आपल्या निष्कर्षाची कसोटी न्यायाधीशापुढे अशी मांडायची असते, की न्यायाधीशाला ती स्वतः लावून पाहता येईल. त्या विषयातला विशेष अभ्यास आणि आकड्यांमागची सामग्री दाखवता येत नसेल तर नुसतं पद पुरत नाही. बागेच्या जागी मिल आणि सफरचंदाच्या जागी मीटर घातले की हा निकाल पांडेसऱ्याला जसाच्या तसा लागू पडतो.

मिलच्या बाबतीत आणखी एक मोह असतो. वीज किती जळली, कोळसा किती लागला, सीईटीपीकडे, म्हणजे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे, किती सांडपाणी गेलं, त्यावरून उत्पादन काढायचं आणि पुस्तकातल्या उत्पादनाशी ताडून पाहायचं. ही पद्धत उपयोगाची आहे, कारण हे कागद भागीदारांना बदलता येत नाहीत. पण केवळ विजेच्या वापरावरून लपवलेलं उत्पादन सिद्ध होत नाही, असं आर. ए. कास्टिंग्ज या उत्तर प्रदेशातल्या कारखान्याच्या अबकारी खटल्यात न्यायाधिकरणाने आणि मग अलाहाबाद उच्च न्यायालयाने ठरवलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही खात्याचं अपील टिकलं नाही. जुनी मशीन जास्त वीज खाते. पावसाळ्यात ओला कोळसा जास्त लागतो. हे आकडे दिशा दाखवतात. रक्कम ठरवायची ती चलनांवरून.

तज्ज्ञाला कोर्टात जागा मिळते ती पुराव्याच्या कायद्यातून. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे असे विषय होते. हिशेब हा विज्ञानात बसतो की कलेत, असा वाद घालायला त्यात वाव होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘इतर कोणतंही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. अकाउंटंटला तज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आता ती जुनी अडचण राहिलेली नाही.

नेमणूक तीन वाटांनी होते. पक्षकार स्वतः नेमतो. कोर्ट नेमतं: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ११ नुसार हिशेब तपासायला आयुक्त नेमता येतो, त्याचा अहवाल पुरावा ठरतो आणि कोर्टाला तो पटला नाही तर आणखी चौकशीचा हुकूम होतो. लवादापुढे प्रकरण असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २६ खाली लवादच तज्ज्ञ नेमू शकतो आणि पक्षकारांना त्याला प्रश्न विचारता येतात. दोघा भागीदारांत थोडाफार संवाद उरला असेल तर कोर्टाकडून एकच माणूस मागणं स्वस्त आणि चांगलं. स्वतःचा माणूस नेमायचा तर त्याची वेळ महत्त्वाची. बहुतेक लोक दावा दाखल झाल्यावर, दोन-तीन तारखा पडल्यावर अकाउंटंट शोधायला लागतात. तोवर मिलने जुनी लॉट रजिस्टरं रद्दीत घातलेली असतात, मेहताजी दुसऱ्या पेढीवर गेलेले असतात आणि मोबाइल बदललेला असतो. वकिलाची पहिली नोटीस निघायच्या आधी तज्ज्ञाशी बोलणं झालं, तर कोणते कागद मागायचे ते नोटिशीतच लिहिता येतं.

कुणाला नेमू नये, हे आधी सांगायला हवं. फर्मचं रिटर्न भरणारा सीए या कामाला चालत नाही. ज्या हिशेबावर वाद आहे तो त्याच्याच हातचा, आणि उद्या त्यालाच साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. नात्यातला सीए तर नकोच. ‘वसुली झाली की त्यातले दहा टक्के द्या’ असं म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवावं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार, नियमांनी मुभा दिलेली मोजकी कामं सोडली तर, निष्कर्षावर किंवा निकालावर अवलंबून फी घेणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्यामागचं कारण साधं आहे: ज्याची कमाई आकड्याच्या आकारावर ठरते त्याच्या आकड्यावर कोणता न्यायाधीश भरवसा ठेवील? फी तासांवर, दिवसांवर किंवा टप्प्यांवर ठरावी, आणि कोर्टात साक्षीला येण्याचा खर्च वेगळा लिहिलेला असावा. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि अहवाल देणारा माणूस साक्षीच्या तारखेला येतच नाही.

कसा माणूस नेमावा? चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था असलेल्या आयसीएआयने फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि तपासासाठी स्वतंत्र मानकं केली आहेत आणि १ जुलै २०२३ पासून ती सदस्यांना बंधनकारक आहेत. पुरावा कसा गोळा करायचा, मुलाखत कशी घ्यायची, अधिकाऱ्यापुढे साक्ष कशी द्यायची, या सगळ्याची पद्धत त्यात आहे. संस्थेचा या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, तिथूनही या विषयातली माणसं तयार होतात. पण पांडेसऱ्याच्या वादात नुसतं प्रमाणपत्र पुरणार नाही. ज्याला धारा म्हणजे काय, वटाव कसा कापला जातो, फ्रेश आणि सेकंडचा भाव वेगळा का असतो हे ठाऊक नाही, त्याला पहिला महिना शिकवण्यातच जातो. भेटीत त्याला दोन प्रश्न विचारावेत: कोर्टात किंवा लवादापुढे उलटतपासणीला सामोरं गेलात का? आणि ज्याने नेमलं त्याच्या विरोधात जाणारा निष्कर्ष कधी लिहिलात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तोच माणूस धरावा.

इंग्लंडमध्ये हा विषय १९९३ मध्ये ‘इकेरियन रीफर’ नावाच्या जहाजाच्या विम्याच्या खटल्यात न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी नीट मांडला. तज्ज्ञाचं मत स्वतंत्र असावं, त्याने आपल्या मताला छेद देणारी वस्तुस्थिती दडवू नये, अपुरी माहिती असेल तर तसं सांगावं. पुढे तिथल्या दिवाणी नियमांत स्पष्टच लिहिलं गेलं, की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाप्रति असतं आणि पैसे देणाऱ्याप्रति असलेल्या बांधिलकीपेक्षा ते वरचढ. आपल्याकडे फी देणारा माणूस अजूनही ‘आपला सीए’ असं म्हणतो आणि त्याने आपल्या बाजूने लिहावं अशी अपेक्षा धरतो. ही अपेक्षा पक्षकाराने स्वतःच सोडली पाहिजे, कारण तिचं नुकसान त्यालाच भोगावं लागतं.

नेमणुकीचं पत्र लिहिताना प्रश्न काटेकोर हवा. ‘भागीदाराने किती पैसे खाल्ले ते शोधा’ असं पत्रात असेल तर समोरचा वकील ते पत्रच वाचून दाखवील. ‘१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात फर्मच्या नावाने मिलमधून निघालेलं तयार कापड आणि फर्मच्या पुस्तकात जमा झालेलं कापड यांत तफावत आहे का, असल्यास तिची कारणं आणि किंमत’ असा प्रश्न टिकतो. दोष कुणाचा, हेतू काय होता, हे ठरवणं कोर्टाचं काम. आयसीएआयची मानकंही अकाउंटंटला दोषी-निर्दोष असा शेरा मारू देत नाहीत. अहवालात ‘अफरातफर सिद्ध झाली’ असं वाक्य दिसलं तर ते खोडून घ्यावं.

आता कागदांकडे. सुरतेचा बराच व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर चालतो आणि भांडणात ती चिठ्ठीच पुढे येते. जैन हवाला प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुटे कागद ही हिशेबाची वही नव्हे, आणि नियमितपणे ठेवलेल्या वहीतली नोंदसुद्धा एकटी कुणावर देणं लादायला पुरत नाही. तिला दुसरा आधार लागतो. हाच नियम आज साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. म्हणून चिठ्ठी सापडली की अकाउंटंट तिच्याशी जुळणारं चलन, पावती किंवा बँकेची नोंद शोधतो. जुळलं तर चिठ्ठीला अर्थ येतो.

मोबाइल आणि संगणकातल्या नोंदींचं वेगळं आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज वेळेत आला की नाही, यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला: मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतंच. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत; एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. व्हॉट्सॲपवरच्या सौद्याचे स्क्रीनशॉट काढून फोन भावाच्या मुलाला देऊन टाकणाऱ्याचं इथे अडतं. फोन जपून ठेवावा, त्यातलं काही पुसू नये.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या तारखेची नोंद करता येते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशा नोंदींचा माग ठेवणारं, बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे. भागीदारी फर्मला ही सक्ती नाही. तरी संगणकाचे जुने बॅकअप असतात, आणि मार्चमधल्या बॅकअपमध्ये नसलेली मार्चची नोंद सप्टेंबरच्या बॅकअपमध्ये दिसली, तर ती कधी घुसली ते कळतं. भांडणाची चाहूल लागली की पेनड्राइव्हवरचे सगळे बॅकअप बाजूला काढून ठेवणं, हे कुठल्याही भागीदाराला फी न देता करता येणारं काम आहे. पुस्तकं पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम १२ ने प्रत्येक भागीदाराला दिला आहे. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

पोलिसांत जायचं का? उठमणं झालं, म्हणजे पार्टी दुकान बंद करून पळाली, तर पोलिसांची इको सेल, म्हणजे आर्थिक गुन्ह्यांची शाखा, हीच वाट. पण भागीदाराविरुद्धची फिर्याद वेगळी. वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६० च्या दशकातच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की फर्मच्या मालमत्तेवर प्रत्येक भागीदाराचा हक्क असतो, म्हणून खास करार नसेल तर त्याच्यावर विश्वासघाताचा गुन्हा सहसा लागत नाही. उपाय हिशेबाच्या दाव्याचा. धंदा चालवणारा भागीदार बाहेर पडलेल्याचं देणं न चुकवता त्याचं भांडवल वापरत राहिला, तर भागीदारी कायद्याच्या कलम ३७ नुसार बाहेर पडलेल्याला त्या भांडवलावरच्या नफ्याचा वाटा किंवा सालीना ६ टक्के व्याज यांतलं जे हवं ते मागता येतं. काय मागावं, हे आकडेमोड केल्याशिवाय ठरत नाही, आणि ही आकडेमोड फॉरेन्सिक अकाउंटंटच करतो. फर्म नोंदलेली नसली तरी विसर्जन आणि हिशेब मागण्याचा हक्क राहतो. मुदत मात्र विसर्जनापासून ३ वर्षं.

कधी हे शस्त्र आपल्यावरच रोखलेलं असतं. मिलवाल्याचं कर्ज थकलं, बँकेने फॉरेन्सिक ऑडिट करून घेतलं आणि खातं फसवणुकीचं म्हणून जाहीर करायला निघाली, तर २७ मार्च २०२३ च्या राजेश अगरवाल निकालाने कर्जदाराला तो अहवाल मिळण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क दिला आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२४ च्या निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवस ठेवले. ते दिवस वकिलाकडे चकरा मारण्यात घालवू नयेत. बँकेच्या अहवालातली प्रत्येक नोंद आपल्या कागदाशी ताडून पाहणारा अकाउंटंट त्या दिवसांत हवा.

बरेच लोक तज्ज्ञ नेमायला कचरतात, त्याचं खरं कारण फी हे नसतं. दोन्ही भागीदारांनी मिळून काही विक्री रोखीत, बिलाशिवाय केलेली असते. दलालाची यादी उघडली की भागीदाराचे सौदे दिसतील तसे आपलेही दिसतील, आणि जीएसटी व आयकराचं देणं दोघांच्याही डोक्यावर येईल. ही भीती खरी आहे. प्रामाणिक अकाउंटंट पहिल्याच बैठकीत ते सांगतो आणि करसल्लागाराला सोबत घेऊन आधी त्याचं काय करायचं ते ठरवतो. जो म्हणतो ‘ते आपण झाकून घेऊ’, तो उद्या कोर्टात तुम्हालाच उघडं पाडील.

२०१८ पासून ३ लाख रुपये आणि त्यावरचे व्यापारी तंटे व्यापारी न्यायालयात चालतात, आणि भागीदारीचे करार त्यात येतात. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. पुण्याच्या पाटील ऑटोमेशन कंपनीच्या प्रकरणात १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. मध्यस्थीला ३ महिने मिळतात, दोघांच्या संमतीने आणखी २, आणि तिथे झालेल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं. फॉरेन्सिक अहवालाचा सगळ्यात जास्त उपयोग याच टप्प्यावर होतो. ५७ लाख ६० हजारांचा आकडा चलन नंबर, लॉट नंबर आणि तारखांच्या परिशिष्टासह टेबलावर ठेवला, की दुसऱ्या बाजूच्या अकाउंटंटला त्यातल्या कोणत्या ओळी मान्य नाहीत ते एका पानावर लिहायला सांगता येतं. मग बोलणी तेवढ्या ओळींवर होतात.